सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट



1982 साल.
अमेरिकेतलं शिकागो शहर.
टायलेनॉल हे डोकेदुखीवरचं साधं औषध.
कुणीतरी त्याच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड घातलं.
सात माणसं दगावली.

औषध होतं जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचं.
तिनं जाहिराती थांबवल्या.
देशभरातला माल परत मागवला.
लोकांसाठी मोफत फोनसेवा सुरू केली.
अध्यक्ष जेम्स बर्क स्वतः लोकांसमोर आले.
सांगणं एकच होतं. आधी माणसांचा जीव.

हे एका रात्रीत जमलं का?
नाही, श्रोतेहो.
1943 पासून कंपनीकडे एक लेखी वचननामा होता.
औषध वापरणाऱ्यांची जबाबदारी त्यात सगळ्यात आधी.
आणि संकटाच्या काही वर्षं आधीच बर्क यांनी अधिकाऱ्यांना विचारलं होतं,
‘हे आपल्याला मनापासून पटतं का?
नसेल, तर भिंतीवरून काढून टाकू.’
त्यावर कसून चर्चा झाली.
मला तर हीच खरी तयारी वाटते.

म्हणजे, आधी आपसात ठरवायचं. मग बाहेर बोलायचं.

तुमची पतसंस्था असो, शाळा असो की दूध डेअरी.
पुढची सूचना काढण्याआधी
अध्यक्ष, सचिव आणि फोन उचलणारा कर्मचारी,
तिघांना एकत्र बसवा.
पुन्हा सांगते, फोन उचलणाऱ्यालाही बसवा.
लोक पहिल्यांदा त्यालाच विचारतात.