तापमान कोणाचे मोजावयाचे?



फाल्गुन सरला म्हणजे आपल्या शिरपूर तालुक्यात पत्र्याखालच्या वर्गांतील मुले कशी कोमेजतात, हे आपणांस सांगावयास नको. तो ताप मुलांनी स्वतः अंकांत मोजावा, म्हणून ‘एलएम ३५’ या चिमुकल्या तापमान-संवेदकाविषयी बोलतो.

याला तीन पाय असतात. अक्षरांची सपाट बाजू समोर व पाय खाली धरले असता डाव्या पायास ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक, उजव्यास ऋण टोक जोडावे. उलट जोडल्यास तो स्वतःच तापून बिघडतो. मधला पाय व ऋण टोक यांमध्ये दर अंशास १० मिलिव्होल्ट दाब मिळतो. मल्टिमीटरवर ३८० मिलिव्होल्ट दिसले, की तापमान ३८ अंश सेल्सिअस. पाचवीच्या मुलासही हे गणित अवघड नाही.

अवघड आहे ते पुढेच. संवेदक सांगतो ते स्वतःच्या अंगाचे तापमान. तो उन्हात ठेवला, तर हवेपेक्षा अधिक तापून भलताच अंक दाखवील. वेधशाळेतील तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतात, ते याचसाठी. प्रथम संवेदक काचेच्या तापमापकाशेजारी सावलीत ठेवून दोहोंचे अंक जुळतात का, ते पाहावे. मग पत्र्याखाली, कौलाखाली आणि निंबाच्या सावलीत, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर तो धरावा. अंक स्थिरावेपर्यंत थांबावे. आठवडाभराच्या नोंदी फळ्यावर मांडाव्यात. शेवटचा तास कोठे भरवावा, हे त्या पाहून ठरविण्यास मुख्याध्यापकांची हरकत नसावी.