पंखाखालचे कोवलम

कोवलम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे केरळचा किनारा उभा राहतो. मी सांगणार आहे ते कोवलम वेगळे. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाताना मुत्तुकाडूची खाडी ओलांडली की कोळ्यांची एक जुनी वस्ती लागते, ते हे. १७५२ साली क्लाइव्हने इथला किल्ला घेतला, ह्यापलीकडे इतिहासाच्या पुस्तकांत ह्या गावाला फारशी जागा नाही. २००३ साली सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी चेन्नईत होतो आणि सुट्टीच्या सकाळी लहान विमान चालवायला शिकत होतो. मीनंबाक्कमहून निघाले की दहाएक मिनिटांत कोवलम पंखाखाली येई. माझे बरेचसे शिक्षण ह्या गावाच्या डोक्यावर झाले. अर्थात गावाला त्याचा पत्ता नव्हता.

हा नाद मला का लागला हे विचारणारे पुष्कळ भेटले. माझ्या आईने मात्र रत्नागिरीहून फोनवर एकच प्रश्न विचारला, “वर बंद पडलं तर रे?” श्रोतेहो, विमानविद्येचा निम्मा अभ्यासक्रम ह्या पाच शब्दांत आला आहे, हे मला पुढे कळले.

आमचे विमान सेस्ना जातीचे, दोन आसनांचे. एकशेदहा अश्वशक्तीचे इंजिन, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम मोटारीएवढे. हे ऐकून कोणी नाक मुरडील म्हणून सांगतो : ऑक्टोबर १९३२ मध्ये कराचीहून निघालेली टपाल जे. आर. डी. टाटांनी मुंबईपर्यंत आणली आणि नेव्हिल व्हिन्सेंट ह्यांनी ती बेल्लारीमार्गे मद्रासला पोहोचवली. त्या ‘पस मॉथ’ विमानाचे एकुलते एक इंजिनही ह्याहून फारसे दांडगे नव्हते. सेस्नाचे पंख डोक्यावर असतात. त्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते, आणि शिकाऱ्याला जमीन दिसत राहणे ही मोठी सोय असते.

माझे गुरू वायुदलातून निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ. बोलणे मोजके. पहिल्याच दिवशी दोन हजार फुटांवर त्यांनी मला समुद्र कोणत्या दिशेला आहे असे विचारले. आम्हां कोकणातल्या माणसांच्या हाडांत समुद्र म्हणजे मावळत असतो. सूर्य तिकडे बुडतो, पाऊस तिकडून येतो, आणि पाठीला डोंगर असतो. इथे सूर्य समुद्रातून वर येत होता. होकायंत्र वाचता येणे निराळे आणि दिशा अंगात भिनणे निराळे. पहिले काही दिवस मी प्रत्येक वळणाआधी मनातल्या मनात सारा कोकण उलटा करून मांडीत असे.

वाऱ्याचेही तसेच. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. चेन्नईच्या उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून पश्चिमेचा वारा वाहतो आणि मध्यान्हीच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा आत घुसतो. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचे असते. त्यामुळे ज्या धावपट्टीवर सकाळी आपण पश्चिमेकडे तोंड करून उतरलो, तिच्यावरच दुपारी पूर्वेकडे तोंड करून उतरावे लागते. ही अदलाबदल घडताना आकाश गढूळ होते, विमान बैलगाडीसारखे हादरते. कोवलमच्या घरांतून निघणारा चुलीचा धूर कोणत्या बाजूला कलला आहे हे पाहण्याची सवय मला तेव्हा लागली. असा निशाणदर्शक कोणत्याही विमानतळावर नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे वळतो. इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली येते, ही समजूत सार्वत्रिक आहे, आणि ती चुकीची आहे. नाक किंचित खाली धरून साठ नॉटचा वेग राखला, तर आमचे विमान एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे सरके. दोन हजार फुटांवरून जवळजवळ तीन मिनिटे मिळत आणि पाचेक किलोमीटरचा टापू आवाक्यात राही. खरा धोका असतो तो भीतीने नाक वर ओढण्यात. मग वेग घटतो, पंखावरची हवा सुटते आणि उचल नाहीशी होते. त्याची आगाऊ सूचना देणारे साधन मोठे मजेचे आहे. डाव्या पंखाच्या कडेला एक भोक असते, आणि वेग धोक्याइतका उतरला की त्यातून हवा शोषली जाऊन आतली पातळ पाती वाजू लागते. आपल्या बाजाच्या पेटीचेच तत्त्व. प्रथम कण्हल्यासारखा, मग चढत जाणारा तो सूर ज्याने एकदा ऐकला, तो त्याला विसरणार नाही.

आणि इंजिन बंद पडते तरी कशाने? मद्रासच्या उकाड्यात बर्फाने, असे गुरूंनी सांगितले तेव्हा मला थट्टा वाटली. पण गोष्ट खरी आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद वाटेतून हवा पसरताना उष्णता शोषली जाते. आतले तापमान वीस-पंचवीस अंशांनीही खाली येऊ शकते. समुद्रावरच्या दमट हवेतील बाष्प तिथे गोठते आणि इंजिनाचा घसा धरतो. बाहेर तीस अंश असले तरी हे घडते, विशेषतः इंजिन मंद करून खाली येताना. म्हणून मंद करण्याआधी एक दांडा ओढून इंजिनाच्या धुराड्याभोवतालची गरम हवा आत सोडायची. माठातले पाणी गार होते त्याच नियमाने विमान पडू शकते, हे माझ्या एम. ए.ला कुठेच आले नव्हते.

एके दिवशी कोवलमवर गुरूंनी इंजिन अगदी मंद केले आणि विचारले, “बंद पडले. कुठे उतरवाल?”

डोळा प्रथम वाळूवर जातो. सुकी वाळू मऊ. पुढचे चाक रुतून विमान पालथे व्हायचे. लाटांनी भिजलेली अरुंद पट्टी मात्र घट्ट, सरळ आणि हवी तेवढी लांब. पण ती सकाळची वेळ होती. होड्या परतल्या होत्या, जाळी पसरली होती, माशांच्या लिलावाभोवती बायकांचा घोळका होता, आणि पोरे पाण्याच्या कडेने धावत होती. मागे सुरूची झाडी, त्यापलीकडे रस्ता आणि विजेच्या तारा. उत्तरेला खाडी. उंची चौदाशे झाली, मग अकराशे.

मी खाडी म्हटले. चाके पाण्याला लागताच विमान थोबाडीत मारल्यासारखे थांबणार आणि उलटण्याचा संभव फार, हे मला ठाऊक होते. गुरूंनी कारण विचारले. मी खालच्या माणसांकडे बोट केले.

“बरोबर,” ते म्हणाले. “विमानात बसायचे आपण ठरवले. त्यांनी नाही.” पाचशे फुटांवर त्यांनी इंजिनाला पुन्हा जोर दिला. वाळूवरच्या दोन-तीन पोरांनी आमच्याकडे पाहून हात हलवले.

पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्याच किनाऱ्यावर त्सुनामीची लाट आली. ती बातमी मी बदलीच्या गावी ऐकली. त्या पोरांची नावे मला ठाऊक नव्हती, त्यामुळे चौकशी तरी कोणाची करणार?

पहिल्या एकट्या उड्डाणाची हकीकत मात्र थोडक्यात आटपते. गुरू खाली उतरले, त्यांनी रिकाम्या आसनाचा पट्टा नीट आवळून बांधला आणि दार लावून घेतले. त्यांचे वजन उतरल्यामुळे विमान अपेक्षेपेक्षा लवकर जमीन सोडून वर चढले. मी उजवीकडे वळून काही विचारणार, तो तिथे कोणी नव्हते. कचेरीत अवघड प्रकरणावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून फाइल वर पाठवता येते. इथे वर पाठवायला कोणी उरले नव्हते. एक फेरी घेतली, गरम हवेचा दांडा ओढला, उतरलो. सारे मिळून दहा मिनिटे. गुरूंनी नोंदवहीत तेवढीच वेळ लिहिली, खाली सही केली, आणि चहा सांगितला.