रात्र पाहणारी दुर्बीण

रात्री दिसण्याची मातब्बरी मांजराची आणि घुबडाची. माणसाने आधार घेतला तो मशालीचा, कंदिलाचा, विजेरीचा. पण हातात दिवा असला की आपल्याला दुसरा दिसतो तसे आपणही दुसऱ्याला दिसतो. पहाऱ्यावरच्या शिपायाला हे परवडत नाही. त्याच्यासाठी रायफलीवर बसवायची रात्रीची दुर्बीण निघाली. पलटणीत असताना ती मी प्रथम डोळ्याला लावली, तेव्हा काय वाटले ते आज सांगतो.

पहिले नवल म्हणजे सगळे जग हिरवे! आभाळ हिरवे, बाभळी हिरव्या, पायवाटही हिरवीच. वर पाहावे तर सुपातून दाणे सांडावेत तसे तारे. मात्र चित्र निवळ नसते. त्यावर बारीक ठिपक्यांची सारखी वळवळ चाललेली असते. नळीतून पाहावे तशी आजूबाजू दिसेनाशी होते, आणि अंतराचा अदमास तर लागतच नाही.

यात जादू काही नाही. ताऱ्यांचा अंधुक उजेड भिंगातून आतल्या पडद्यावर पडला, की तेथून इलेक्ट्रॉन सुटतात. पुढे काचेची एक पातळ चकती असते, तिला लाखो सूक्ष्म छिद्रे. त्यांतून जाताना एका कणाचे हजारो होतात आणि दुसऱ्या पडद्यावर आदळून तो उजळवतात. हिरव्याच्या छटा आपल्या डोळ्याला चांगल्या उमगतात, म्हणून तो रंग. पण मुळात उजेडच नसेल, तर वाढवायचे काय? बंद कोठडीत ही दुर्बीणही आंधळीच. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत अमेरिकन शिपायांनी वापरलेल्या दुर्बिणीला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा दिवा लागे, आणि त्याची जड बॅटरी शिपाई पाठीवर वाही. ताऱ्यांच्या उजेडावर चालणारी दुर्बीण रणांगणावर आली ती १९६० नंतर, व्हिएतनामच्या युद्धात.

आमच्या उस्तादांनी त्या रात्री एक माणूस मुद्दाम माळावर धाडला होता. त्याच्या खांद्यावर काहीतरी लांबट होते. उस्तादांनी विचारले, “बंदूक की काठी?” शेजारचा जवान म्हणाला, “उस्ताद, सांगता येत नाही.” उस्ताद म्हणाले, “शाबास! हेच उत्तर बरोबर. दिसणे वेगळे, ओळखणे वेगळे.”

शेतकरी बंधूंनो, ही गोष्ट तुमच्याही कामाची आहे. डुकरे पीक उकरतात, राखणदाराचा जीव जळतो, हे मला ठाऊक आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवानगीवाचून शिकार हा गुन्हा आहे. शिवाय घोंगडी पांघरून बांधावर बसलेला शेजारी आणि रानडुक्कर यांची आकृती अंधारात सारखीच दिसते. सुटलेली गोळी माघारी बोलावता येत नाही.

गुरुजनांनो, मुलांना एक साधा प्रयोग दाखवा. अर्धा तास अंधारात बसा. मग एक डोळा झाकून दुसऱ्याने मिनिटभर कंदिलाकडे पाहा आणि कंदील विझवा. झाकलेल्या डोळ्याला अंगण दिसेल, दुसऱ्याला काळोख. दुर्बिणीच्या उजळ पडद्यावरून नजर काढली की शिपायाचेही असेच होते. यंत्र एका हाताने देते, दुसऱ्या हाताने थोडे काढून घेते.

यंत्र अंधार उजळते. समोर कोण आहे ते मात्र आपल्यालाच ठरवावे लागते. ती ओळख पटेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये.