पाणचक्कीचं पीठ आणि आपली अभ्यासिका

(बजाजनगरमधल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नाही. पण मी याच बजाजनगरात वाढलो. अब्बा वाळूज एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करायचे. घर एका खोलीचं. अब्बांची नाईट असली की ते दिवसा झोपायचे आणि आम्ही भावंडं कुजबुजत बसायचो. दहावीचा अभ्यास मी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर केला. माझ्या बहिणीला तो ओटाही मिळाला नाही. संध्याकाळी मुलीनं बाहेर बसायचं नाही, असं घरानंच ठरवलं होतं. तिचं शिक्षण दहावीवर थांबलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती.

शाळेच्या सहलीत आम्ही पाणचक्की पाहिली. हौदातले मासे मोजले, फोटो काढले आणि परत आलो. ही जागा मुळात कशासाठी होती, हे कुणी सांगितलं नाही.

ती बाबा शाह मुसाफिर यांची खानकाह होती. बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे हे नक्शबंदी सूफी औरंगजेबाच्या काळात इथं स्थिरावले. त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी आपल्या पीरांच्या आठवणी फारसीत लिहून ठेवल्या. त्या पुस्तकाचा सायमन डिग्बी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये दिल्लीत प्रसिद्ध झाला. त्यात फकिरांबरोबर सैनिक भेटतात, प्रवासी भेटतात, रोजचे व्यवहार भेटतात.

पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीचं बांधकाम वाढत गेलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं. ते उंच भिंतीवर चढवून खाली सोडलं, त्या जोरावर चाक फिरलं आणि जातं चाललं. इंजिनिअर म्हणून मला त्याचं कौतुक आहेच. पण ते पीठ कुणासाठी होतं? तिथं उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी. हौदाखाली मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत, म्हणून उन्हाळ्यात तिथं गारवा असतो. आवारात मशीद होती, मदरसा होता, ग्रंथालय होतं. म्हणजे नमाज, जेवण, मुक्काम आणि वाचन एकाच ठिकाणी.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये गावोगावी छोटी चॅपल होती. तिथल्या रविवारच्या शाळेत मुलांबरोबर मोठी माणसंही आपल्या वेल्श भाषेत वाचायला शिकत. गाणं, सभा, चर्चा तिथंच होत. पुढे माणसं यायची कमी झाली. अनेक चॅपल बंद पडली, काहींची घरं झाली. पाणचक्कीतही आज आपण तिकीट काढून जातो. इमारत उभी आहे, पण त्या पिठावर आता कुणाचं पोट अवलंबून नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका मशिदीच्या विश्वस्तांना विचारलं, की वरची खोली दुपारनंतर रिकामी असते, तिथं अभ्यासिका करू या का? उत्तर आलं, "इथं नमाज होते, अभ्यास घरी करावा." मी वाद घातला नाही, गुपचूप परत आलो. ती माझी चूक झाली. घरी जागा नाही म्हणून तर विचारत होतो, एवढं तरी मी बोलायला हवं होतं. पाणचक्कीचं उदाहरणही द्यायला हवं होतं. ही नवी टूम नाही, आपल्याच शहरातली जुनी रीत आहे.

म्हणून आज तीन गोष्टी मागतो. एक, आपण दहा जणांनी मिळून पुन्हा विचारायला जायचं, आणि त्यात मुलीही असाव्यात. दोन, खोली मिळाली तर मुलींची वेळ आधी ठरवायची, उरलेली मुलांना. तीन, दारात कुणाचं आडनाव विचारायचं नाही. बीड, जालना, परभणीहून आलेल्या कामगारांची मुलंही आपल्यासारखीच एका खोलीत राहतात. आणि मला ओटा देणाऱ्या काकू मुसलमान नव्हत्या.

खोली नाहीच मिळाली तर माझ्या घराचा हॉल शनिवार-रविवार उघडा असेल. टेबल दोन आहेत, खुर्च्या तुम्ही आणा. माझ्या बहिणीची मुलगी यंदा नववीत आहे. पहिलं नाव तिचं लिहून घेतलंय.