पहिला लेझर कटर घेताय? आधी सांगा, कापणार काय?

हिवरा आश्रमहून बोलतोय. "दादा, घरी ठेवायला कोणता लेझर कटर घेऊ?" असं बरेच जण विचारतात. माझा उलटा प्रश्न असतो: कापणार काय?

प्लाय, एमडीएफ, पुठ्ठा असेल तर डायोड लेझर पुरतो. त्याचा प्रकाश निळा, साधारण ४५० नॅनोमीटरचा. पण तो पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो, कापत नाही. तशा नेमप्लेट करायच्या तर सीओटू लेझर हवा, १०,६०० नॅनोमीटरचा. त्याची काचेची नळी पाण्यानं सतत थंड ठेवावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणीच तापलेलं असतं, म्हणजे चिलरचा खर्च आधीच धरा.

दुसरं, खोक्यावरच्या वॅटला भुलू नका. '४० वॅट' हा आकडा कधी कधी मशीन किती वीज खातं त्याचा असतो. विक्रेत्याला 'ऑप्टिकल पॉवर किती?' असंच विचारा. खरे १० वॅट आणि सोबत हवेचा झोत असेल तर ३ मिमी प्लाय व्यवस्थित कापला जातो. ५ वॅटला जास्त फेऱ्या माराव्या लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाढदिवसाच्या डेकोरेशनची नावं आपण सनबोर्डची करतो ना? सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. बरंचसं रेक्झिनही तेच. लेझरनं जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुफ्फुसांना घातक, आणि मशीनलाही गंज चढवतो. ही दोन्ही लेझरखाली कधीच ठेवू नका. मटेरियलची खात्री नसेल तर उघड्यावर, लांब उभं राहून तांब्याची तार तापवा, तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन असण्याची दाट शक्यता. तो तुकडा बाजूला ठेवा.

डोळ्यांचंही तसंच. परावर्तित किरणसुद्धा नजर घालवू शकतो. त्यामुळे उघड्या फ्रेमपेक्षा झाकणवालं, धूर बाहेर काढणारं मशीन घ्या. गॉगल तुमच्या लेझरच्या नॅनोमीटरचाच हवा, साधा काळा चष्मा चालत नाही. मशीन चालू असताना जागेवरून हलायचं नाही, प्लाय पेटतो. आणि लाइट गेली की एक्झॉस्टही बंद पडतो, काम अर्धवट राहतं. म्हणून मशीन आणि एक्झॉस्ट दोन्ही यूपीएसवर ठेवा.

घाई मात्र नको. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं २००२ च्या सुमारास एमआयटीच्या साथीनं फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी एक. खेड्यातल्या पोरांनी मशीन वापरून आपल्या गरजेच्या वस्तू बनवाव्यात, ही त्यामागची कल्पना. मशीन प्रत्येकाच्या घरी असायलाच हवं असं नाही.

तर आधी इंकस्केप हे फुकटचं सॉफ्टवेअर शिका, दोन-तीन डिझाइन काढा आणि शहरातल्या लेझर कटिंगवाल्याकडून कापून आणा. महिनाभरानंतरही हौस टिकली, तर मशीन घ्या. तोवर कोणतं घ्यायचं ते तुम्हालाच कळलेलं असेल.

भेटू पुढच्या भागात. तुम्ही काय कापणार आहात, ते मात्र नक्की कळवा!