संयमाचा रेणू



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राजकारण, इतिहास आणि वाङ्मय यांचा मान मोठा. तेथे आज आम्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या एका प्रथिनाविषयी बोलणार आहोत, याबद्दल श्रोत्यांनी प्रथम क्षमा करावी. या प्रथिनाचे नाव पीडी-१. कर्करोगाची झळ न लागलेले घर आता विरळाच, आणि त्या रोगावरील नव्या उपचारांत या प्रथिनाचा वाटा मोठा आहे. म्हणून शास्त्राचा अभ्यास नसलेल्यांनीही ते जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

'प्रतिकारशक्ती वाढवा' हा उपदेश आपण रोज ऐकतो. काढे, चूर्णे आणि गोळ्या याच वाक्यावर खपतात. जणू ही शक्ती म्हणजे बँकेतली शिल्लक. जितकी अधिक तितकी बरी! वस्तुस्थिती तशी नाही. आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखून तिला ठार करणे हे त्यांतील काहींचे काम. पण ज्याच्या हाती हत्यार आहे तो चोराला मारू शकतो, तसा घरधन्यालाही मारू शकतो. या पेशी आपल्याच सांध्यांवर किंवा स्वादुपिंडावर उलटल्या, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले. आमवात आणि लहान मुलांना होणारा मधुमेह हे याच जातीचे रोग होत. तेव्हा मारण्याची जशी सोय हवी, तशी थांबण्याचीही हवी. या थांबण्याला शास्त्रज्ञ सहिष्णुता म्हणतात. तिच्यावरील मूलभूत संशोधनासाठी बर्नेट आणि मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याच देहावर उलटू शकतील अशा पुष्कळशा टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीतच बाद होतात. ज्या निसटतात, त्यांना बाहेर आवरावे लागते. आवरणाऱ्या रेणूंपैकी पीडी-१ हा एक. क्योटो विद्यापीठात तासुकु होंजो आणि त्यांचे सहकारी मरू घातलेल्या पेशींत कोणती जनुके जागी होतात हे पाहत होते. त्यात १९९२ साली याचे जनुक सापडले. पेशीच्या मरणाशी त्याचा संबंध असावा, या समजुतीने नावातही मृत्यू आला. खरे काम पुढे उमगले. हे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मतः धडधाकट दिसत. पण वय वाढता त्यांच्या मूत्रपिंडांना आणि सांध्यांना सूज येई. हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या वाणाच्या उंदरांत हृदय निकामी होते, असे २००१ साली दिसले. लगाम नसलेला घोडा कोठे जाऊन आदळतो, ते यावरून कळले.

हा लगाम ओढला जातो कसा? टी पेशी लढाईला उतरली की तिच्या अंगावर पीडी-१ उगवते. तीच पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचा पदार्थ सोडते आणि त्याच्या स्पर्शाने आसपासच्या पेशी पीडी-एल१ नावाचा जोडीदार रेणू पुढे करतात. दोघांची गाठ पडली की टी पेशीचा आवेश मंदावतो. लढाई जेथे पेटते तेथेच ती विझवण्याची व्यवस्थाही उभी राहते, ही यातली खुबी. गर्भ हा अर्धा पित्याचा, म्हणजे आईच्या शरीराला अर्धा परका. त्याला जपणाऱ्या वारेच्या पेशींवरही हाच जोडीदार रेणू आढळतो. उंदरांत तो अडवला असता गर्भ गळण्याचे प्रमाण वाढले.

परंतु जी सोय सज्जनाला तीच दुर्जनाला. कर्करोगाच्या कित्येक गाठी पीडी-एल१ पुढे करून टी पेशींना गप्प बसवतात. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या विषाणूंच्या आजारांतही टी पेशी अशाच थकतात, असे २००६ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. यातून उपचार निघाला. पीडी-१ ला धरून ठेवणारे निव्होलुमॅब हे औषध जपानने २०१४ साली त्वचेच्या एका घातक कर्करोगासाठी मान्य केले. ते गाठीला शिवतही नाही. आपल्याच पेशींचा लगाम तेवढा सोडते. याच तत्त्वावरील कार्याबद्दल होंजो आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या लगामाचे अभ्यासक जेम्स ॲलिसन यांना २०१८ साली नोबेल मिळाले.

लगाम सुटला की घोडा कोठेही धावणार. या औषधाने कोणाला आतड्याची सूज येते, कोणाला फुप्फुसाची, थायरॉइड बिघडते, क्वचित हृदयावर बेतते. उपचार चालू असता, किंवा संपून काही महिने झाले असताही, जुलाब, धाप, छातीत दुखणे यांपैकी काही झाले तर ते खाण्यातले किंवा हवेतले म्हणून घरी दडपू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. वेळीच स्टिरॉइड दिल्यास बहुतेकांचा त्रास आटोक्यात येतो. आणि पुष्कळ रुग्णांना या औषधाचा गुण येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

राहिला पैशाचा प्रश्न. हे औषध सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या पुढे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी केली. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला दिले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ तोंडी औषधांवर वर्षभर जगणारे शेकडा १६.३ होते, ते ४३.४ झाले. तुलना पूर्ण मात्रेशी नव्हती, हे ध्यानात ठेवावे. तरीही ज्यांना पूर्ण मात्रा परवडतच नाही, त्यांच्या दृष्टीने हा आकडा लहान नव्हे. तंबाखूपायी तोंडाचे कर्करोग ज्या देशात उदंड, त्या देशात असले संशोधन आणखी व्हावे, अशी मागणी आपण नागरिकांनी केली पाहिजे.

येथून घरी गेल्यावर प्रतिकारशक्ती वाढवणारी बाटली दिसेल, तेव्हा तिला दोन प्रश्न विचारा: काय वाढवणार, आणि आवरणार कोण?