येरवड्याचा करार आणि त्याखालच्या सह्या

24 सप्टेंबर 1932 रोजी येरवडा तुरुंगात ज्या करारनाम्यावर सह्या झाल्या, तो पुणे करार या नावाने प्रसिद्ध असला, तरी त्याची चर्चा बहुधा गांधी-आंबेडकर संघर्षापुरतीच होते आणि कायद्याचा कागद म्हणून तो क्वचितच वाचला जातो. अमेरिकेच्या संस्थापक नेत्यांनी 1776च्या जाहीरनाम्यावर केलेल्या सह्या इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारण्यासाठी होत्या. येरवड्यातील सह्यांना मात्र त्याच राजगादीच्या सरकारची मंजुरी मिळाल्याखेरीज कवडीचीही किंमत नव्हती.

याचे कारण ऑगस्ट 1932मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्ड यांनी जाहीर केलेल्या जातीय निवाड्यात सापडते. अस्पृश्य मतदारांना सर्वसाधारण मतदारसंघात एक मत आणि, जेथे विशेष मतदारसंघ असतील तेथे, फक्त आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी दुसरे मत, अशी दुहेरी सोय या निवाड्याने वीस वर्षांपुरती केली होती. मात्र नवा कायदा संमत होण्यापूर्वी संबंधित समाजांनी एकमताने व्यवहार्य पर्यायी योजना मांडली, तर सरकार ती स्वीकारील, अशी मुभाही त्यातच होती. या निवाड्याविरुद्ध 20 सप्टेंबरला सुरू झालेल्या गांधीजींच्या उपोषणामुळे निर्माण झालेल्या दडपणाखाली जी तडजोड झाली, तिला कायदेशीर वाट मिळाली ती या मुभेतून. म्हणून सह्या होताच मजकूर सरकारकडे रवाना करावा लागला आणि 26 सप्टेंबरला मान्यता आल्यावरच उपोषण सुटले.

सह्यांची यादी बारकाईने पाहण्याजोगी आहे. पंडित मदनमोहन मालवीय, तेजबहादुर सप्रू, बॅरिस्टर जयकर, राजगोपालाचारी आणि राजेंद्रप्रसाद यांच्या जोडीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रावबहादूर श्रीनिवासन व एम. सी. राजा यांची नावे आहेत. डावखुऱ्या फिरकीने क्रिकेटची मैदाने गाजवणारे पळवणकर बाळू यांचेही नाव त्यात आहे. खुद्द गांधीजींची सही मात्र नाही. ज्यांच्या प्राणासाठी हा खटाटोप झाला, ते कराराचे पक्षकार नव्हते, ही गोष्ट कोणत्याही वकिलाला खटकावी अशीच आहे. पुढे घटना समितीचे अध्यक्ष झालेले राजेंद्रप्रसाद आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झालेले आंबेडकर हे या कागदावर मात्र वाटाघाटीच्या दोन बाजूंचे म्हणून आढळतात.

कराराने प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा निवाड्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे 148 केल्या. त्यांपैकी मद्रास व बंगाल यांना प्रत्येकी 30 आणि सिंधसह मुंबई इलाख्याला 15 जागा होत्या. मध्यवर्ती कायदेमंडळातील ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी 18 टक्के राखीव ठरल्या, आणि प्रत्येक प्रांताच्या शिक्षण-अनुदानातून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम बाजूला काढण्याचेही कलम घातले गेले. मोबदल्यात दुसरे मत गेले. त्याऐवजी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांचे मंडळ निवडावे आणि त्या चौघांतून एकाची अंतिम निवड सर्व जातींच्या संयुक्त मतदारांनी करावी, अशी दोन टप्प्यांची पद्धत आली. जागांचा आकडा वाढला खरा, परंतु अंतिम निवड बहुसंख्यांच्या हाती गेली. प्रतिनिधी कोणाला जबाबदार राहणार, हा आंबेडकरांचा मूळ प्रश्न त्यामुळे सुटला नाही, आणि त्यांनी पुढे या करारावर केलेल्या कठोर टीकेचे मर्म येथेच आहे.

कराराविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. करारातील दहा वर्षांची मुदत प्राथमिक निवडणुकीच्या पद्धतीला होती, राखीव जागांना नव्हती. त्या जागा परस्परसंमतीने वेगळे ठरेपर्यंत चालू राहावयाच्या होत्या. राखीव जागांना दहा वर्षांची मर्यादा प्रथम घातली ती 1950च्या राज्यघटनेतील कलम 334ने, आणि तीही केवळ लोकसभा व विधानसभांतील जागांपुरती; शिक्षणातील किंवा नोकऱ्यांतील आरक्षणाशी तिचा संबंध नाही. या दोन मुदतींची सरमिसळ भल्याभल्यांच्या भाषणांतही होते.

कराराचे रूपांतर कायद्यात झाले ते 1935च्या हिंदुस्थान सरकार कायद्याने, आणि 'अनुसूचित जाती' ही संज्ञाही त्याच कायद्याने रूढ केली. परंतु हे 148चे गणित ब्रिटिश प्रांतांपुरते होते. उदाहरणार्थ, येरमाळा या गावाच्या पश्चिमेकडील बार्शी तालुका मुंबई इलाख्याच्या सोलापूर जिल्ह्यात असल्यामुळे तेथे 1937ची निवडणूक या व्यवस्थेनुसार झाली. येरमाळा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानातील उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात होते, आणि तेथील महार-मांग वस्तीला या सह्यांनी एकही मत दिले नाही. पुणे कराराचा इतिहास लिहिताना संस्थानी मुलखातील हा मोठा समाज सहसा हिशेबातच धरला जात नाही, ही त्या इतिहासलेखनाची उणीव मानावी लागेल. फेब्रुवारी 1941मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आंबेडकर आले, तेव्हा पुढे आलेला प्रश्न कायदेमंडळातील जागांचा नव्हता, तर वतनाचा, म्हणजे पिढीजात गावकीच्या चाकरीच्या बदल्यात मिळणाऱ्या जमिनीचा आणि बलुत्याचा होता.

सप्टेंबर 1948मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले आणि तेथील प्रौढ नागरिकांना मताचा अधिकार मिळाला तो राज्यघटनेखाली झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. याच भागातील उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ 2004च्या निवडणुकीतही अनुसूचित जातींसाठी राखीव होता. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर, 2009पासून, तो खुला आहे.